कौलं वाजवणारी येसूबाई

कॉलेजच्या अंकासाठी व्यक्तिचित्र लिहायचं ठरलं तेव्हा वर्गातल्या सगळ्यांनी मोठमोठी माणसं पकडली. कुणाचे मामा बोटीवर इंजिनियर, कुणाची आत्या हेडबाई. मी म्हटलं, मी येसूबाईवर लिहिणार. आता येसूबाईवर लिहायचं म्हणजे आधी माझा गाढवपणा लिहावा लागतो. त्याला माझा इलाज नाही, कारण दोन्ही एकाच कागदावर आहेत. वर माझं टायपिंग आणि खाली तिचा डावा अंगठा.

मी दमयंती. घरी दमी. मराठी टायपिंगची माझी स्पीड मिनिटाला पंचेचाळीस शब्द. क्लासात सगळ्यांत जास्त. आमचे टायपिंगचे सर मागे उभे राहून म्हणतात, "गाडी छान पळते हो दमयंती, पण आत ड्रायव्हर आहे का?" सगळे हसतात. मीही हसते. हसायचं नाही हे मला नंतर कळतं.

आणि मला रडू यायला कारण लागत नाही. लग्नात मुलीकडचे रडायच्या आधी मी रडते. मुलाकडून गेलेली असले तरी.

तर गेल्या फेब्रुवारीत आईनं मला मिरकरवाडा बंदरावर मासळी आणायला पाठवलं. सौंदाळे मिळाले तर बघ म्हणाली. लिलाव अजून सुरू व्हायचा होता, म्हणून मी बंदराच्या वरच्या अंगाला जरा चालत गेले. तिथे जुना कौलांचा कारखाना आहे. इंग्रजांच्या वेळचा. उंच लाल विटांचं धुराडं, मोठी लांबट भट्टी, आणि भट्टीला दोन्ही बाजूंनी कमानी, मिळून बारा. प्रत्येक कमानीवर पांढऱ्या रंगात आकडा. पूर्वी मचव्यातून माती यायची, इथे कौलं पडायची, भाजायची, आणि परत मचव्यातूनच मुंबईला जायची. मग लोक स्लॅब घालायला लागले नि कारखाना बंद पडला. त्याला सहा वर्षं झाली.

मी बघते तर चार नंबरच्या कमानीतून एक पोर रांगत बाहेर आलं. मग सातातून दोन आली. मग सगळीकडूनच पोरं. भट्टीतून! जिथे कधीकाळी आग होती तिथून जिवंत, शेंबडी, हसणारी पोरं! मी तिथल्या तिथे उभी राहून रडायला लागले.

"काय गो, कोन मेलं काय तुजं?"

ही येसूबाई. साठीच्या पुढची, काटकुळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, दातांना मिशरी. एका काखेत पोर, दुसऱ्या हातात झाडू.

म्हटलं, "नाही हो. मला भरून आलं."

"मग रिकामं कर नि जा. पोरां भितात."

येसूबाई त्या कारखान्यात एकतीस वर्षं होती. तिचं काम कौलं वाजवायचं. भट्टीतून कौलं निघाली की ती धुराड्याकडच्या पडवीत पाटावर बसायची आणि एकेक कौल डाव्या हातावर तोलून उजव्या हाताच्या बोटाच्या पेरानं टक् करून वाजवायची. नीट भाजलेलं कौल खणकन बोलतं. कच्चं असलं की ठप्प. तडा असला तर डोळ्याला दिसत नाही, पण आवाज फाटतो. एक नंबर मुंबईला, दोन नंबर इथल्याच लोकांच्या गोठ्याला नि न्हाणीला, तीन नंबर फोडून रस्त्यात. एकतीस वर्षं! तिच्या त्या पेराला सुपारीएवढा गड्डा आलाय. आणि सवय अशी की जे दिसेल ते ती वाजवते. नारळ, कलिंगड, मडकं, दुसऱ्याच्या घराचं दार. पोरांची डोकीसुद्धा.

त्या दिवशी तिनं माझ्या कपाळावर वाजवलं. टक्. थोडं थांबली.

"तीन नंबर," म्हणाली.

मी हसले. हसायचं नाही हे पुन्हा नंतर कळलं.

पोरं तिच्याकडे आली कशी, तर मथुरामुळे. मथुरा बंदरावर मासळी घेते आणि टोपलीत घालून दारोदार विकते. नवरा लवू ट्रॉलरवर. घरी दुसरं कुणी नाही. लिलावाच्या वेळी ती आपल्या दीड वर्षाच्या पोराच्या पायाला दोरी बांधून बर्फाच्या पेटीला अडकवून ठेवायची, नाहीतर ते सरळ धक्क्यावरून पाण्यात जायचं. एकदा येसूबाईनं ते पाहिलं. दोरी सोडली, पोर काखेत मारलं, चालू लागली. मथुरा मागून ओरडत, "ओ मावशे, माजा पोर!" तर ही मागे न बघता म्हणाली, "लिलाव झाला की ये नि घेऊन जा. भट्टीत ठेवतंय."

कारखान्याच्या शेठची माणसं मुंबईला गेली तेव्हा किल्ली शेजारी राहणाऱ्या येसूबाईकडेच ठेवून गेली होती. दुसऱ्या दिवशी चार पोरं आली. वर्षभरात पंचवीस झाली. भट्टीच्या आत उन्हाळ्यातही गार असतं, भिंती हातभर जाड. तीन नंबरात तान्ही झोपतात. सात नंबर भांडणाचा, कारण तिथून समुद्र दिसतो. त्या पोरांना बारापर्यंत आकडे येतात आणि तेराच्या पुढे जगात काही आहे यावर त्यांचा विश्वास नाही.

मी रोज जायला लागले. गाणी शिकवते म्हणाले. दोन दिवसांत पोरांनी मलाच शिव्या शिकवल्या. तरी गेले. मग मार्चमध्ये येसूबाई म्हणाली, "तू ता मशिनीवर लिवतंस ना? नगरपालिकेच्या कचेरीत एक अर्ज देवचा हाय."

मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. सांगते तरी. मी तिला मिठी मारली. ती म्हणाली, "लांब हो, मिशरी लागंल."

तिनं सांगितलेला अर्ज असा होता, माझ्या वहीत अजून आहे. "शेठची ना नाय, पोरां हितं बसतात, बसू द्या. पावसाच्या आदी छप्पर शाकारायचं हाय, चार मानसं द्या. एक पान्याचा नळ द्या. बास."

म्हणजे तीन मागण्या. पोरं बसू द्या, कौलं उतरवून नीट परत बसवायला माणसं द्या, नळ द्या. एवढंच. सात मिनिटांचंही काम नव्हतं.

पण मी मशीनवर बसले आणि मला वाटलं, छे! हे किती कोरडं! कचेरीतल्या माणसाच्या काळजाला हात घालायला हवा. आणि बोटं सुटली. मी दीड पान टाइप केलं. त्यातली ही ओळ मला पाठ आहे, कारण नंतर ती मला खूप जणांनी ऐकवली. "कोसळण्याच्या बेतात असलेल्या या जीर्णशीर्ण, भग्न वास्तूच्या छताखाली पंचवीस चिमुकले जीव मृत्यूच्या छायेत दिवस कंठीत आहेत. आपणांस पाझर फुटणार नाही काय?"

टाइप करताना मी रडले. शाईच्या फितीवर थेंब पडला. शेजारची मुलगी म्हणाली, "कुणाचं पत्र गो?"

येसूबाईला मी तो वाचून दाखवला का? नाही. क्लास सुटायची घाई, कचेरी बंद व्हायची घाई. धावत गेले आणि म्हटलं, "फार मस्त झालाय, इथे अंगठा." ती तीन नंबरात एका तान्ह्याला थोपटत होती. न बघता तिनं हात पुढे केला. माणसाला वाजवून बघणारी बाई, आणि माझा कागद तिनं वाजवला नाही.

कचेरीचं उत्तर यायला म्हणे वर्ष लागतं. आम्हाला एकवीस दिवसांत आलं. पाझर फुटला होता.

मी क्लासात होते. दारात मथुरा. डोक्यावर टोपली, अंगावर खवले, हातात कागद.

"कुठं हाय ती दमयंती?"

सगळ्या मशिनी थांबल्या. सर म्हणाले, "काय झालं बाई?"

"हिनं लिवलान त्याचं उत्तर वाचा तुमी. मोठ्यानं वाचा."

सरांनी मोठ्यानं वाचलं. त्यांचा आवाजही खणखणीत. अर्जदार श्रीमती येसूबाई यांनी सदर इमारत धोकादायक असल्याचे स्वतःच निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभार. सबब पावसाळ्यापूर्वी ती उतरवून घेण्याची तजवीज होत आहे. तोवर मुलांना आत बसवू नये.

"आता?" मथुरा मला म्हणाली. "आता माज्या पोराला परत दोरी बांदू? कुठं बांदू सांग. तुज्या मशिनीला बांदू?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ड्रायव्हरबद्दल काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी रडतच कारखान्यावर गेले. येसूबाई बाहेर पायरीवर बसली होती. आत एकही पोर नव्हतं. पाच-सहा जणं कुंपणापाशी उभी राहून आपापल्या नंबराकडे बघत होती.

"रडू नको," ती म्हणाली. "माजा अर्ज वाच."

माझ्याकडे कार्बन कॉपी होती. वाचला. तिनं सगळा ऐकला. मग म्हणाली,

"ह्यात नळ कुठं हाय?"

मी कागद वरून खाली बघितला. पाठचं पान बघितलं. नळ नव्हता. मृत्यूची छाया दोनदा होती, नळ एकदाही नव्हता. शाकारणीही नव्हती.

शहाण्या माणसानं यानंतर तोंड बंद ठेवलं असतं. मी काय केलं? दोन दिवसांत आणखी चार अर्ज टाइप केले आणि एकामागून एक नेऊन दिले. पहिल्यात इमारत भक्कम. दुसऱ्यात अति भक्कम. तिसऱ्यात ऐतिहासिक. चौथ्यात मी "चुकीची दुरुस्ती" असा मथळा देऊन परत भावुक झाले.

कचेरीतले ओव्हरसियर पन्नाशीचे, बारीक, बगलेत छत्री. त्यांनी पाचही अर्ज टेबलावर ओळीनं मांडले.

"हे सगळं तुम्हीच टाइप केलंत?"

"हो."

"महिन्याभरात इमारत कोसळली, उभी राहिली, मजबूत झाली नि आता ऐतिहासिक. शेवटच्या अर्जात तुम्ही मला आपले वडीलधारे म्हणताय."

"सॉरी सर."

"अहो, मलाही पोरं आवडतात. पण एकदा धोकादायक असं लिहून आलं की मी ते पुसू शकत नाही. उद्या काय झालं तर कोण उभं राहणार? तुम्ही?" मग त्यांनी कॅलेंडर बघितलं. "पुढच्या गुरुवारी मी स्वतः येतो. छप्पर बघेन, लाकूड बघेन. नीट असेल तर नीट असं लिहीन. नसेल तर पाडायचं. आणि तोवर काही टाइप करू नका."

आठ दिवस.

येसूबाईला सांगितलं. ती उठली, पदर खोचला. "मंगलोरी कौलांना दर वर्साला हात लावाया लागत नाय, पन सा वर्सां झाली. आपनच शाकारू." सकाळची विक्री संपवून बायका यायला लागल्या. मथुरानं सगळ्यांना गोळा केलं, मला सोडून सगळ्यांशी बोलली. लवू आणि त्याच्या ट्रॉलरवरचे दोघे वर चढले. डोलकाठीवर चढणारी माणसं, त्यांना छप्पर म्हणजे काय! कौलं हातोहात खाली यायची. साडेचार हजार. खाली येसूबाई पाटावर. टक्, खण. टक्, खण. टक्, ठप्प, बाजूला. मागे कारखाना बंद पडताना उरलेली एक नंबरची थप्पी पडून होती, खराब कौलांच्या जागी त्यातली जायची.

तिसऱ्या दिवशी तिचं पेर सुजलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "बस हितं. वाजव."

बसले. सांगते, मला वाटलं हे तर टायपिंगच! टकटकटकटक. पाच मिनिटांत मी चाळीस कौलं वाजवली आणि अभिमानानं बघितलं. येसूबाईनं माझ्या थप्पीतलं वरचं कौल उचललं, टक् केलं. आवाज फाटला. दुसरं. ठप्प. तिसरं बरं निघालं. चौथं परत फाटलं.

"दमे."

"काय?"

"तू वाजवतंस. आयकत कंदी?"

मी हातातलं कौल खाली ठेवलं.

"एकदा वाजव नि गप बस. कौल बोलंल. तू मदी बोलू नको."

हे जगातलं सगळ्यांत कठीण काम आहे. मी बारावीला गणित घेतलं होतं, त्यापेक्षा कठीण. टक् केल्यावर हात दुसऱ्या कौलाकडे निघालेला असतो, त्याला धरून ठेवायचं. पहिल्या दिवशी मी जेमतेम दोनशे केली. माझी स्पीड मिनिटाला एक कौल. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "प्रगती आहे."

बुधवारी संध्याकाळी शेवटची ओळ वर बसली. लाल छप्पर उन्हात एकसारखं दिसत होतं. मथुरानं माझ्या हातावर दोन सौंदाळे ठेवले. मी रडले नाही. थोडंसं.

गुरुवारी ओव्हरसियर आले. छत्री भिंतीला टेकवली, शिडीवरून वर गेले. लवूनं खालून शिडी धरली होती. कौलं बघितली, कौलांखालच्या रिपा बघितल्या, भट्टीच्या कमानी आतून बघितल्या. आम्ही सगळ्या अंगणात. पोरं कुंपणापाशी. ते खाली उतरले, हात झटकले. म्हणाले, "छान केलंय. मला तरी वाईट काही दिसत नाही."

मथुरानं माझा दंड धरला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"थांबा सायब," येसूबाई म्हणाली.

मला वाटलं चहाचं विचारत्येय.

"धुराड्याकडची पडवी. तिची कौलां बोलतात, पन मधला खांब बोलत नाय. काल वाजवलंय मी."

मी मनात म्हटलं, अगो बाई, गप! मथुराच्या चेहऱ्यावरही तेच. आठ दिवसांची मेहनत, आणि साहेब नीट म्हणतायत, तर हिला आत्ताच...

ओव्हरसियर पडवीत गेले. खांब बाहेरून चांगला सागवानी, रंग शाबूत. त्यांनी खिशातला चाकू काढून टोचला. मुठीपर्यंत आत गेला. वाळवीनं आतून सगळा पोखरला होता. चाकू बाहेर काढून त्यांनी पातं पुसलं.

"मावशी, हे तुम्ही बोलला नसता तर मला कळलं नसतं."

"पोरां आमची हायत सायब. तुमच्यापासून लपवून कुनावर पाडू?"

"मग बाकीचं?"

"बाकीचं वाजवलंय. सगळं. पायजे तर परत वाजवतंय."

"नको," ते म्हणाले. तिथेच पेटीवर बसून त्यांनी लिहिलं. पडवी पावसाच्या आधी उतरवायची. भट्टी आणि तिच्या बाजूची कौलं सुकवायची शेड मुलांसाठी वापरायला हरकत नाही. दरवर्षी पावसाआधी तपासणी. "एक नवा अर्ज लागेल," ते म्हणाले, "जुन्याच्या जागी लावायला. छोटा. आणि..." माझ्याकडे बघून, "कृपा करून पाझर नको."

सगळे हसले. मी यावेळी हसायच्या आधी विचार केला, मग हसले.

पडवी रविवारी उतरवली. तीच पडवी, जिथे येसूबाई एकतीस वर्षं बसली. जमिनीत तिच्या पाटाच्या जागी खळगा होता. मी म्हटलं, "येसूबाई, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"आता थंय कोन बसतंय?" म्हणाली, आणि पाट उचलून पाच नंबरच्या कमानीत नेऊन टाकला. पोरं लगेच त्यावरून भांडायला लागली.

नवा अर्ज मी तिच्यासमोर वाचला. दोनदा. "बालगोपाळ" काढायला लावलं. "सविनय" चाललं. माणसं लागली नाहीत म्हणून तिनं शाकारणी काढली, नळ ठेवला. मग कागद हातात धरून, वाचता येत नसतानाही, वरपासून खालपर्यंत बघितला आणि मग अंगठा दिला. नळ अजून आलेला नाही. पण अर्जात आहे.

अंगठ्याची शाई पुसायच्या आधी तिनं माझ्या कपाळावर परत वाजवलं. टक्. मी गप्प बसले, कौल बोलेल म्हणून.

"दोन नंबर," ती म्हणाली. "गोठ्याला चालंल."

हे सगळं अंकाला द्यायच्या आधी काल मी येसूबाईला वाचून दाखवलं. भट्टीत बसून, पोरांच्या गोंगाटात. तिनं तीन ठिकाणी थांबवलं. दोन ठिकाणची वाक्यं मी लगेच काढली. फार सुंदर होती, तुम्हाला आता कधीच कळणार नाहीत. तिसऱ्या ठिकाणी मी वाद घातला. तिथे मी लिहिलं होतं की पडवी उतरवताना येसूबाईच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"माज्या डोळ्यात पानी कंदी आला?"

"आलं होतं. मी बघितलं."

"मी वर लवूकडं बघत हुते, वासा नीट उतरवतोय काय नाय. तू रडलंस. तुजं तू लिव."

म्हणून ते काढलं. रडले ती मी.